टेप न लावता

फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या चौकात मंगरुळपीरच्या जीपमध्ये बसलो होतो. जीप भरायची होती, आणि भरल्याशिवाय ती निघत नाही हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. फोन पुण्याहून, मीनाक्षीचा. मीनाक्षी म्हणजे आमच्या शाहीनआपाची संशोधनातली सहकारी. दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहत. माझा तिचा परिचय चार-दोन फोनांपुरता. ती म्हणाली, "सर, शाहीन गेली. आज सकाळी. तिच्या वडिलांना सांगायचा मला धीर होत नाही. तुम्ही सांगाल का?" मी म्हटलं, अपघात? ती म्हणाली, "नाही सर. आजारी होती ती. वर्ष होत आलं असेल." आजारी? चाळिशीही न गाठलेली बाई, ईदला हसऱ्या चेहऱ्याचा फोटो पाठवणारी, आणि वर्षभर आजारी? जीपवाला "चला, चला, एकच सीट" म्हणून ओरडत होता आणि मी त्याला बाजूला सारून खाली उतरलो.

रस्ता ओलांडला की शाहीनआपाच्या वडिलांचं, रहीमचाचांचं शिलाईचं दुकान. शाळा उघडायचे दिवस होते; टेबलावर, बाकावर, खाली चटईवर सगळीकडे गणवेशाच्या थप्प्या. चाचा मशीनवर वाकलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काय गा गजू, जीप सुटली काय?" मी म्हटलं, "चाचा, मशीन थांबवा जराशी." "हे एवढी बाही लावतो अन् थांबतो. लेकरायच्या शाळा सुरू होऊन राह्यल्या, पालक जीव खाऊन राह्यले माया." मी बाकावरची थप्पी सरकवून बसलो आणि बाही पुरी होईपर्यंत वाट पाहिली. लवकर सांगायला हवं होतं की तेवढा वेळ दिला ते बरं केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाही लागेपर्यंत तरी त्यांची लेक त्यांच्यापुरती पुण्यात होती, कामात होती, दुपारी फोन करणार होती.

रहीमचाचांना ओळखत नाही असा माणूस आमच्या गावात नाही, आणि त्यांच्या हातचा कपडा कधीच अंगावर चढला नाही असाही थोडाच. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की टेप लागायचा. खांदा, छाती, कंबर, बाही, सगळं रीतसर. त्यानंतर जन्मभर नाही. ओळखीच्या माणसाला टेप लावणं म्हणजे त्याला परका ठरवणं, असा चाचांचा हिशेब. मापं लिहून ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत ते त्याला बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं. जाय तू. बुधवारी घेऊन जाजो." पोरं वाढायची, बापे सुटायचे, म्हातारे वाळायचे, कपडा मात्र बसायचा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी शिवलेली पँट कमरेत चक्क सैल आली. मी तावातावानं तक्रार घेऊन गेलो, तर चाचा शांतपणे म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांब ना बापा." संक्रांतीला ती पँट बरोबर बसली. बायको अजून त्यावरून हसते.

शाहीनआपा या दुकानात वाढली. आमचं घर मागच्या गल्लीत. वडील वावरात, आई वावरात, आणि मी शाळा सुटली की आपाच्या ताब्यात. ती माझ्यापेक्षा मोठी, हुशार, आणि हुशारीचा तोरा नसलेली. म्हणजे वर्गात नसलेला, माझ्यापुरता भरपूर होता. कटिंगच्या टेबलाखाली बसून, उरलेल्या चिंध्यांवर शिंप्याच्या खडूनं ती मला बीजगणित शिकवायची. चुकलं की चिंधी झटकायची. माझं उत्तर पांढरी धूळ होऊन उडून जायचं. "अबे गजू, क्ष तुले खाऊन नाई राह्यला. पाय त्याच्याकडं, डोये उघडून पाय." आज मी कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि फळा पुसताना खडूची धूळ उडाली की माझी मान आपोआप खाली जाते.

ती बारावीत असताना तिची अम्मी गेली. दुखणं लांबलं होतं. त्या काळात चाचा महिनोन् महिने मशीनवर बसले नाहीत. दुकानाचं शटर खाली, आणि चाचा बायकोच्या उशाशी, हातात काही नाही, नुसते बसलेले. ती गेल्यावरही कितीतरी दिवस तसेच. आपानंच एक दिवस शटर वर केलं, मशीनला तेल घातलं आणि त्यांना हाताला धरून आणून बसवलं. ही गोष्ट मी इथं का सांगतो आहे ते पुढे कळेल.

पुढे ती अमरावतीला शिकली, मग पुण्याला गेली, डॉक्टर झाली. गावाला वाटलं इंजेक्शन देणारी डॉक्टर. कुणी गुडघे दाखवायला आलं की चाचाच सांगायचे, "नाई बापा, ते आभायाची डाक्टर हाय." पण ती आभाळाचं नेमकं काय करते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका ईदला दुपारी आम्ही दुकानात शीरखुर्मा खात बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं. आकाशगंगा विश्वात पेरलेल्या वावरासारख्या ओळीनं नाहीत म्हणाली; कुठं दाट पुंजके, कुठं विरळ, कुठं मैलोगणती मोकळं रान. हे पुंजके कसे जमले आहेत यावरून विश्वात पदार्थ किती, ते फुगतं आहे किती वेगानं, असे मोजके आकडे ताडता येतात. ताडायचं कसं? काही आकडे धरायचे, महासंगणकात त्या आकड्यांचं एक अख्खं खोटं विश्व वाढवायचं आणि दुर्बिणीनं टिपलेल्या खऱ्याशी ते जुळतं का पाहायचं. पण असं एक विश्व वाढवायला आठवडे लागतात आणि तपासायचे असतात लाखो आकडे; जन्म पुरायचा नाही. म्हणून थोडीच विश्वं, नीट विचार करून निवडलेली, पुरती वाढवायची आणि त्यांच्यावर एका प्रोग्रामला शिकवायचं, की बाबा, आकडे असे असले तर पुंजके असे जमतात. एकदा शिकला की मधल्या सगळ्या आकड्यांचा अंदाज तो बसल्याजागी देतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. आपाचं सगळं आयुष्य त्यात गेलं.

चाचांनी वाटी खाली ठेवली. "म्हंजे टेप न लावता कपडा शिवते तुयी मशीन."

आपा हसली. ती हसायला लागली की तिला ठसका लागायचा, तसा लागला. "व्हय अब्बा. पोट्टी कोनाची हाय?" मग डोळे पुसत म्हणाली, "पण मले सांगा, तुमी आजलोक पाह्यलं त्याच्यातल्या कोनासारखाच नाई, असा माणूस आला तं?"

"तं मले दिसते ना बेटा. मंग टेप काढतो मी."

"तिले दिसत नाई, तोच घोळ हाय. शिकवलं त्याच्या बाहेरचं इचारलं तरी ते उत्तर देऊन मोकयी होते. अन् तेवढ्याच ऐटीत देते. चुकली तं चालते हो, अब्बा. पण चुकताना आवाज तरी बदलला पायजे ना?"

हा तिचा ध्यास होता. अंदाज अधिक अचूक करणारे पुष्कळ होते. तिला त्या प्रोग्रामला 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे' असं म्हणायला शिकवायचं होतं. एकदा तिच्या हाती चांगला निष्कर्ष आला होता, पण तो आकडा तिच्या शिकवलेल्या हद्दीच्या अगदी काठावर होता. सोबतचे म्हणाले छापू या. ही म्हणाली, काठावर आणखी काही विश्वं पुरती वाढवून बघू, मग छापू. तेवढ्यात दुसऱ्याच कुणी तसंच काही छापलं. मी फोनवर हळहळलो तर मलाच दटावलं, "छापू दे ना. शिवून उसवण्यापरीस थांबलेलं बरं." शिंप्याची मुलगी! मी एकदा तिला माझ्या कॉलेजात बोलावलं. मोठमोठी चित्रं दाखवेल, पोरं भारावतील अशी माझी अपेक्षा. तिनं काय केलं, तर एका मुलीला उभं केलं. पाचव्या वर्षी उंची किती, पंधराव्या वर्षी किती, फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, मग दहाव्या वर्षी किती असेल? उत्तर बरोबर आलं. "आता त्याच हिशेबानं सरांच्या वयाला किती?" उत्तर आलं ते वर्गाच्या छताला टेकणारं. पोरं खदाखदा हसली. आपानं त्या मुलीला विचारलं, "हे लिहिताना पेन अडखळला का?" ती म्हणाली, नाही मॅडम. "बस," आपा म्हणाली, "मी एवढंच काम करते."

मागच्या हिवाळ्यात ती आली ती शेवटची. दुकानाच्या पायरीवर उन्हात शाल गुंडाळून बसली होती. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "आपा, जेवतं का नाई तू?" तर म्हणते, "तुयासारखं पोट सोडू काय?" झालं, विषय संपला. चाचांनीही पाहिलं होतं. संध्याकाळी ती गाडीला गेल्यावर मला म्हणाले, "पोट्टी थोडकी उतरली. काम लय हाय तिले." ती कामातच असते, हे आम्हाला इतकं पाठ होतं, की तिला कधीही काहीही झालं असतं तरी आमचं उत्तर हेच आलं असतं.

ईद जवळ आली तसं चाचांनी कापड काढलं. ती पुण्याला गेल्यापासूनचा नेम. ईदचा ड्रेस अब्बांच्या हातचा, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल. यंदा फिकट हिरवं कापड होतं, गळ्याला बारीक काम. कापताना मी तिथंच होतो. चाचांनी जरा विचार केला आणि खडूची रेघ किंचित आत घेतली. "उतरली हाय ना, दोन्ही बाजूनं जराकसं दाबतो." ईदच्या दिवशी फोटो आला. खिडकीशी उभी, ओढणी नीट, हात पुढे जुळवलेले, चेहऱ्यावर तेच हसू. ड्रेस असा बसला होता जसा शोकेसमधल्या बाहुलीला बसतो. पाठोपाठ फोन, "एकदम फिट हाय अब्बा!" मग काय विचारता. बटण लावायला आलेल्यापासून पत्ता विचारायला थांबलेल्यापर्यंत चाचांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला. "हे पाय. पुन्यात हाय पोट्टी. टेप नाई लावला, काई नाई."

पुण्याहून तिला गावालाच आणलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी खांदा दिला, मीही दिला. कब्रस्तानात अम्मीशेजारी जागा होती. काही दिवसांनी मीनाक्षी तिची बॅग घेऊन आली. दुकानामागच्या खोलीत चाचा, ती आणि मी, तिघंच बसलो होतो. तिनं सगळं सांगितलं. उपचार चालू होते, डॉक्टरांनाही आशा होती. घरी सांग म्हणून मीनाक्षी तिच्याशी रोज भांडायची. "आधी म्हणाली, ईद होऊ दे, मग मीच जाऊन सांगते. ईद झाली, तर म्हणाली तब्येत जरा भरू दे, अशा अवतारात अब्बांपुढे कशी जाऊ. मग अचानक इन्फेक्शन झालं, आणि पुढे सगळं इतक्या घाईत झालं, की..." चाचा मग म्हणाले, "अम्मीच्या वक्ताले तिनं मले पाह्यलं होतं ना. मी कसा बसलो होतो ते." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, तक्रारीनंही नाही.

बॅगेत वरच तो हिरवा ड्रेस होता. चाचांनी उचलला आणि, शिंप्याची सवय, आधी उलटा केला. आतून दोन्ही अंगांना, काखेपासून पार खालपर्यंत, पांढऱ्या दोऱ्याचे हातानं घातलेले कच्चे टाके होते. लांब लांब, पण सरळ रेषेत. चाचांनी शिलाई घेतली होती त्याच्या कितीतरी आतून. जादा कापड कापलं नव्हतं, नुसतं आत दुमडून धरलं होतं. आम्ही दोघं पाहत राहिलो तशी मीनाक्षी हळूच म्हणाली, "पार्सल आल्यावर तीच शिवत बसली होती. सुई धरवत नव्हती. मी म्हटलं खाली टेलर आहे, त्याच्याकडे देते. तर म्हणे, अब्बांच्या शिलाईवर दुसऱ्याची मशीन फिरवायची नाही. आणि तब्येत सुधारली की उसवायचंच आहे."

चाचांच्या गळ्यात टेप कायम असतो, वापर असो नसो. तो त्यांनी काढला. ड्रेस मांडीवर पसरला, एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत टेप धरला आणि वाकून आकडा पाहिला. मग पुन्हा धरला, जरा खाली, कमरेशी. एवढ्या वर्षांत आपल्या लेकीचं माप घेताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. "एवढी?" ते म्हणाले. आमच्यापैकी कुणालाच नाही. "एवढीशी झाली होती?" मग टेप तसाच ठेवून म्हणाले, "हिवाळ्यात पायरीवर बसली होती. उभं करून टेप लावला असता तं मले तवाच समजलं असतं. पण कायले लावू? मले वाटे, मले माहीत हाय."

मला आपाचा राग येतो. तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे तर हेही लिहायला हवं, कारण ती असती तर तिनंच लिहायला लावलं असतं. ज्या बाईनं यंत्राला 'मला ठाऊक नाही' म्हणायला शिकवण्यात उमेदीची वर्षं घातली, जिनं काठावरचा एक आकडा पुरता तपासल्याशिवाय जगापुढे ठेवला नाही, तिनं बापापुढे मात्र न अडखळता 'एकदम फिट' म्हटलं. ड्रेस सैल आला होता. म्हणजे चाचांचा अंदाज हद्दीबाहेर गेला होता आणि कापडानं तसं सांगितलंही होतं. अगदी तिला हवं होतं तसंच, आवाज बदलून. तिनं आजारी हातांनी बसून ते बोलणं शिवून टाकलं. का, तेही मला कळतं. शटर खाली ओढून नुसता बसलेला बाप तिला पुन्हा बघायचा नव्हता. पण आपा, तुझा अब्बा तसा बसला असता तर तुझ्या उशाशी बसला असता गं... तो काही तुला बरं करणार नव्हता. तुझ्या कपाळावर हात ठेवला असता, तुला ओरडला असता, तुझ्यासाठी पुण्यात वरण-भात बिघडवला असता. आता दुकान मिटल्यावर तो नुसता बसतो, आणि ज्याच्या उशाशी बसावं असं कुणी नाही. तुला वाचवायचं होतं ते वाचलं नाहीच, आणि त्याच्या वाट्याचे ते दिवसही गेले.

मीनाक्षीला जीपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी आपाच्या कामाचं विचारलं. ती म्हणाली, तो प्रोग्राम आता सगळे वापरतात. त्याच्या हद्दीबाहेरचं काही विचारलं की तो उत्तरच देत नाही, जागा कोरी सोडतो. "सुरुवातीला सगळे वैतागायचे त्या कोऱ्या जागेवर. आता कोरी जागा आली की कुणीतरी उठतं आणि ते विश्व पहिल्यापासून वाढवायला लावतं."

पेरण्या आटोपल्या. शाळा सुरू झाल्या, गणवेशाच्या थप्प्या गेल्या. मला वाटलं होतं चाचा शटर ओढून घेतील, नाही ओढलं. हिरवा ड्रेस दुकानात खुंटीवर टांगलेला असतो, उलटाच, टाके तसेच. ते उसवत नाहीत, कुणाला हात लावू देत नाहीत. आणि दुकानाची रीत मोडली आहे. आलेल्या प्रत्येकाला आता टेप लागतो, मग तो कालचा असो की जन्माचा. परवा मी शर्टाचं कापड घेऊन गेलो तेव्हा आमच्या गल्लीतले म्हातारे पाटीलबुवा हात पसरून उभे होते आणि कुरकुरत होते, "काहून गा रहीम, जवानीपासून तूच शिवतं माये कपडे, आता ओयखत नाई काय मले?" चाचांनी बाहीचं माप घेतलं, खांद्याचं घेतलं, आणि बुवांना जायला सांगितलं.

मग माझी पाळी आली. मी सवयीनं कापड टेबलावर टाकलं आणि निघालो, तर म्हणाले, "कुठी चालला? उभा राह्य." मी उभा राहिलो. खांदा झाला, छाती झाली. कमरेभोवती टेप आणला आणि तिथंच धरून ठेवून त्यांनी विचारलं, "तब्येत बरी हाय ना, बेटा? खरं सांगजो."

"बरी हाय चाचा. एकदम बरी हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. चष्मा वर सरकवला, वाकले आणि टेपवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.